काकांच्या पेटीतला 'थिंक': आयबीएमच्या जुन्या भेटवस्तू जमवणारं कुणी आहे का इथे?

आडगल्ली | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, गिरगावातली आमची चाळ अखेर पाडायला निघाली. दोन महिने दर रविवारी जाऊन काकूला आवराआवरीत मदत करतोय. माळ्यावरून पितळी डबे, दोन पाटे, एक मोडका पंखा असा नेहमीचा माल निघाला. काल मात्र पलंगाखालून काकांची लोखंडी पेटी ओढली आणि आतून वेगळंच प्रकरण बाहेर आलं.

काका मुंबईत आयबीएममध्ये कस्टमर इंजिनिअर होते, म्हणजे गिऱ्हाइकाकडे जाऊन यंत्रं दुरुस्त करणारे. १९७८ साली कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला तोवर तिथेच. गेल्या वर्षी ते गेले. मला लहानपणापासून एवढंच माहीत, की काका कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि टाय लावून हत्यारांची बॅग घेऊन जायचे आणि अख्खी चाळ त्यांना 'साहेब मेकॅनिक' म्हणायची.

पेटीत मिळालं ते असं: वीतभर लांबीची पितळेची वाटणारी पट्टी, तिच्यावर इंग्रजीत 'थिंक', बास. कंपनीचं नाव नाही, लोगो नाही. एक टायची पिन, तिच्यावर आयबीएम अशी भरीव अक्षरं. कागदी पाकिटात फिकट हिरवट पारदर्शक पट्टी, तिच्यात चौकोन, चौकट, लंबगोल असे आकार कापलेले. एक घडीचं हिरवं कार्ड, आत मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात कोष्टकं. आणि रबरबँड लावलेला पंच कार्डांचा (भोकं पाडून संगणकाला माहिती द्यायची ती कार्डं) गठ्ठा, चाळीस-पन्नास तरी असतील. रबरबँडचं लोणचं होऊन वरच्या कार्डाला चिकटलंय.

बऱ्याच कार्डांच्या पाठीवर काकूच्या अक्षरात वाण्याची यादी आहे. 'तूरडाळ २ किलो, गूळ अर्धा, काडेपेटी.' एक कार्ड अख्खं चाळणीसारखं भोकांनी भरलेलं आहे. एकावर सुरुवातीला आठ-दहा भोकं आणि बाकी कोरं, मागेही काही लिहिलेलं नाही.

प्रश्न दोन. या वस्तू नेमक्या काय आहेत? आणि ठेवाव्यात कशा? चुलतभाऊ म्हणतो विकून टाक, ईबेवर डॉलरमध्ये भाव आहे. काकू काहीच म्हणत नाही.

---

बिटबाईट | रविवार, रात्री १०.०२

फोटो टाका हो! हिरवी पट्टी म्हणजे फ्लोचार्ट टेम्प्लेट, प्रोग्रॅमच्या पायऱ्यांची आकृती काढायला. शंकरपाळ्याचा आकार म्हणजे निर्णय, आयत म्हणजे प्रक्रिया. आम्ही कॉलेजात हे आकार हाताने काढले आणि वाकडे आले म्हणून मार्क घालवले. वाचनखूण साठवली आहे.

---

स्पष्टवक्ती | रविवार, रात्री १०.१५

राग मानू नका, पण कंपनीने फुकट वाटलेली जाहिरातीची पट्टी ती. आमच्या घरी बँकेच्या नावाचे स्टीलचे डबे आहेत, त्यांनाही उद्या पुराणवस्तू म्हणायचं का? फोटो काढा, आठवण ठेवा, पेटी मोकळी करा. नव्या फ्लॅटमध्ये माळा मिळत नाही.

---

भंगारमित्र | रविवार, रात्री ११.३०

आडगल्ली, काहीही विकू नका, धुऊ नका, पुसू नका. आधी हे वाचा.

मी वीसेक वर्षं पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरतोय. सुरुवात रेडिओपासून केली, आता घरात संगणक कंपन्यांच्या किल्लीसाखळ्या, बिल्ले आणि कॉफीचे मग यांनी दोन कपाटं भरली आहेत. त्यातलं आयबीएमचं खातं वेगळं का, ते सांगतो. बाकी कंपन्या वस्तू वाटायच्या त्या गिऱ्हाइकाने नाव विसरू नये म्हणून. आयबीएमने आधी आपल्याच माणसांना वाटल्या. आयबीएम घडवणारा थॉमस वॉटसन हा मूळचा विक्रेता. 'थिंक' हा शब्द त्याने १९११ मध्ये एनसीआर या गल्लापेट्यांच्या कंपनीत असताना विक्रेत्यांच्या बैठकीत पुढे आणला. १९१४ मध्ये तो सीटीआर कंपनीत आला तेव्हा शब्दही बरोबर आणला. १९२४ मध्ये त्याच कंपनीचं नाव आयबीएम झालं. मग 'थिंक' भिंतीवर, टेबलावर, मासिकाच्या नावात, खिशातल्या चामडी वहीवर, सगळीकडे. १९९२ मध्ये लॅपटॉप काढला तेव्हा त्या वहीवरूनच त्याचं नाव थिंकपॅड ठेवलं.

टेबलावरच्या पाट्या लाकडी, धातूच्या, पुठ्ठ्याच्या, कितीतरी भाषांत निघाल्या. म्हणूनच त्यांच्या नकलाही पोत्याने आहेत. तुमच्या पट्टीवर लोगो नाही, त्यामुळे नुसत्या फोटोवरून तिचं वय सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. माझ्यावरही नको. तिचा खरा पुरावा म्हणजे ती काकांच्या पेटीत, काकांच्या बाकीच्या वस्तूंबरोबर मिळाली हा. म्हणून वस्तू एकमेकींपासून तोडू नका. पेटीत जशा होत्या तसा फोटो काढला असेल तर सोन्यासारखा जपा.

टायपिनचं मात्र वय काढता येतं. आयबीएमची भरीव जाड अक्षरं पॉल रँड या ग्राफिक डिझायनरने १९५६ मध्ये बसवली. आडव्या आठ पट्ट्यांचं आज आपण बघतो ते रूप १९७२ चं, तेही त्याचंच. मधे तेरा पट्ट्यांचंही होतं. तुमची पिन भरीव अक्षरांची, म्हणजे बहुतेक १९७२ च्या आधी घडवलेली. वाटली कधी ते वेगळं, कपाटात शिल्लक माल असतोच.

टेम्प्लेटच्या पाकिटावर बारीक अक्षरात फॉर्म क्रमांक असेल. एक्स २०-८०२० असा असेल तर जुनी छपाई, पुढे जी लागून जीएक्स झालं असेल तर नंतरची. आणि पाकीट टाकू नका! टेम्प्लेट पुष्कळ मिळतात, पाकिटं लोकांनी फाडून फेकली.

---

हडसनकाठी | सोमवार, सकाळी ६.१०

इकडे रविवार संध्याकाळ. मी अमेरिकेतल्या पोकीप्सीपासून अर्ध्या तासावर राहतो. हे आयबीएमचं गाव, मेनफ्रेमचं, म्हणजे मोठ्या संगणकांचं, माहेर. इथे म्हातारी माणसं घर सोडून लहान जागेत गेली, की अंगणात सगळं सामान विकायला मांडतात, आणि त्यात दर दोन घरांआड आयबीएमचं काहीतरी निघतंच. २५ वर्षं नोकरी झालेल्यांच्या क्वार्टर सेंचुरी क्लबचे बिल्ले, विक्रीचं लक्ष्य गाठणाऱ्यांच्या हंड्रेड पर्सेंट क्लबच्या पिना, काचेसारख्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात गोठवलेले सिस्टिम ३६० या संगणकाचे नखाएवढे चौकोनी भाग, पेपरवेट म्हणून.

माझ्या संग्रहातली लाडकी वस्तू मात्र कागदाची आहे. १९६४-६५ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आयबीएमचा मंडप होता. तिथे कार्डावर हाताने तारीख लिहून द्यायची, यंत्र ते अक्षर वाचायचं आणि त्या दिवशीची वर्तमानपत्रातली ठळक बातमी छापून द्यायचं. लोक आपापली जन्मतारीख लिहायचे. मला मिळालेल्या कार्डावर कुणाचातरी वाढदिवस आहे, कुणाचा ते आता कोण सांगणार. एका म्हाताऱ्या बाईंनी पुस्तकांच्या खोक्याबरोबर फुकट दिलं.

स्पष्टवक्ती, बँकेचा डबा कुणी जपून ठेवला तर साठ वर्षांनी तोही बघायला मी येईन.

---

मावळसंध्या | सोमवार, सकाळी ९.४५

माझी मावशी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होती. तिच्याकडे आयबीएमच्या सिलेक्ट्रिक टंकयंत्राचा तो चेंडू आहे, गोल्फबॉल म्हणतात तो. १९६१ चं यंत्र. अक्षरांच्या काड्यांऐवजी एकच गोळा, वर ८८ अक्षरं. टाइप बदलायचा तर गोळा काढायचा, दुसरा लावायचा. मावशीने तो देव्हाऱ्याच्या कप्प्यात ठेवला होता. आम्ही लहानपणी त्याला शाळिग्राम समजून हळदकुंकू वाहिलंय! 'ए' च्या खाचेत अजून कुंकू आहे.

---

टोकदार | सोमवार, दुपारी १२.२०

१९७८ चा विषय निघालाच आहे तर बोलू. जॉर्ज फर्नांडिसांनी कोका-कोला आणि आयबीएम घालवली आणि देश वीस वर्षं मागे गेला.

---

निवृत्तनाथ | सोमवार, दुपारी १.०५

वीस वर्षं कुठून आणलीत? कायदा फेरा, म्हणजे परकीय चलनाचा, १९७३ चा, इंदिरा गांधींच्या काळातला. परदेशी मालकी ४० टक्क्यांवर आणा म्हटलं, आयबीएमला शंभर टक्केच हवी होती, ती निघून गेली. तोवर इथे काय चालायचं, तर तिकडे वापरून झालेली १४०१ नावाची संगणक यंत्रं मुंबईत दुरुस्त करायची आणि आपल्याला भाड्याने द्यायची. ती गेल्यावर यंत्रं सांभाळायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीने घेतलं, काही माजी कर्मचाऱ्यांनी मिळून आयडीएम ही कंपनी काढली. १९९२ मध्ये आयबीएम टाटांचा हात धरून परतही आली. आम्ही मधल्या काळात उपाशी मेलो नाही.

---

संपादक | सोमवार, दुपारी १.३०

राजकारण दुसऱ्या धाग्यावर. पुढचे चार प्रतिसाद उडवले आहेत.

---

निवृत्तनाथ | सोमवार, दुपारी ४.५०

बरं. मूळ विषयावर येतो.

आडगल्ली, मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका कंपनीत १९६९ पासून १४०१ वर काम केलंय. तुमच्या काकांसारखी माणसं आमच्याकडे यायची. यंत्र बंद पडलं की मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळे दाराकडे डोळे लावून बसायचो, आणि टायवाला आला की चहा आधी त्याला.

ते चाळणीसारखं कार्ड म्हणजे 'लेस कार्ड'. ऐंशी उभ्या रांगा, प्रत्येकीत बारा जागा, सगळीकडे भोकं. हा टवाळखोरांचा उद्योग. अंगात जीव नसतो त्या कार्डाच्या, वाचणाऱ्या यंत्रात गेलं की मुरगळून अडकतं. आमचं १४०२ हे कार्डं वाचणारं यंत्र मिनिटाला ८०० कार्डं ओढायचं. त्या वेगात असलं एक कार्ड गठ्ठ्यात सोडलं की मागची कार्डं अकॉर्डियनसारखी दुमडायची. ते तुकडे चिमट्याने काढायचं काम कुणाचं? तुमच्या काकांचं. त्यांनी ते बहुधा मुद्देमाल म्हणून जप्त केलं असावं.

हिरवं कार्ड ही भेटवस्तू नव्हे हो, ती गीता होती. सिस्टिम ३६० च्या सगळ्या आज्ञा त्याच्यात. ३७० आलं तेव्हा पिवळं निघालं. ज्याच्या खिशात हिरवं कार्ड तो खरा, बाकीचे उसनं मागणारे.

आणि ते आठ-दहा भोकांचं कोरं कार्ड खिडकीच्या उजेडात धरून फोटो टाका. कापलेला कोपरा वर डावीकडे येऊ द्या.

---

बिटबाईट | सोमवार, संध्याकाळी ७.००

काका, म्हणजे तुम्ही नुसती भोकं बघून वाचू शकता?

---

निवृत्तनाथ | सोमवार, संध्याकाळी ७.२०

तू क्यूआर कोड वाचू शकत नाहीस हा तुझा दोष नाही. आमची भोकं माणसांसाठीही होती.

---

आडगल्ली | बुधवार, रात्री १०.१५

घात झाला.

भंगारमित्रांचा 'पुसू नका' हा सल्ला मी वाचला, काकूला सांगायचं राहिलं. आज संध्याकाळी गेलो तर पट्टी देवाच्या समईशेजारी लखलखतेय. दुपारी समया-निरांजनं घासायला काढली होती, त्यात हीसुद्धा चिंच आणि मीठ लावून घासली. 'केवढी काळवंडली होती रे!' अक्षरांत भरलेला काळा रंग चार अक्षरांतून साफ गेला, फक्त शेवटच्या 'के' मध्ये उरलाय. लांबून बघितलं तर नुसता 'के' दिसतो.

टेम्प्लेटचंही बरं नाही. पेटीत डांबरगोळ्या होत्या. एक गोळी टेम्प्लेटला टेकलेली, तिथे प्लॅस्टिक मऊ पडून खड्डा झालाय. पाकिटावरचा क्रमांक मात्र वाचता आला: एक्स २०-८०२०, पुढे जी नाही.

कार्डाचा फोटो उद्या.

---

भंगारमित्र | बुधवार, रात्री १०.४०

हरे राम. असो. रंग परत भरू नका, तो नकली वाटतो आणि खोटेपणाही होतो. चिंचेचा अंश राहिला तर पुढे हिरवा गंज येईल, म्हणून साध्या पाण्याने धुऊन, कोरडी करून ठेवा. आणि कागदावर लिहून ठेवा, अमुक तारखेला काकूंनी घासली. चेष्टा नाही. पुढच्या माणसाला ती चकाकी नवी की जुनी हे कळायला पाहिजे.

डांबरगोळ्या ताबडतोब बाहेर. काही प्लॅस्टिकना ती वाफ खाते, कापूरही नको. लोखंडी पेटी वापरणंही बंद करा, मुंबईच्या हवेत तिचा गंज कागदावर उतरतो. कार्डं पुठ्ठ्याच्या खोक्यात सपाट ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यानंतर बदला. रबरबँड ओढून काढू नका, कोरडा होऊन आपोआप तुटत असेल तेवढाच सोडवा. लॅमिनेशनचा विचारही मनात आणू नका. लॅमिनेट केलेलं कार्ड म्हणजे लोणच्यात बुडवलेला आंबा, परत झाडाला लागत नाही.

चुलतभावाला सांगा, ईबेवर मागितलेले भाव बघून हुरळू नकोस, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या वस्तूंचे भाव बघ. दोन्हींत चर्चगेट ते विरार एवढं अंतर असतं.

---

स्पष्टवक्ती | गुरुवार, सकाळी ८.३०

काकूंनी योग्य केलं. वस्तू घरात असेल तर घासली जाणारच.

(पण कार्डाचा फोटो टाका लवकर. मीही थांबलेय.)

---

हडसनकाठी | गुरुवार, सकाळी ८.५५

अवांतर: 'थिंक' वरून आठवलं. १९९७ मध्ये अॅपलने 'थिंक डिफरंट' मोहीम काढली, तो आयबीएमलाच टोला असं मानणारे पुष्कळ. त्या पोस्टर-मालिकेत गांधीजीही आहेत, चरख्याजवळ बसलेले, आणि कोपऱ्यात सप्तरंगी नव्हे, सहारंगी सफरचंद. माझ्याकडे आहे ते. आई इकडे आली होती तेव्हा तिने फ्रेमला हार घातला. 'कंपनी कुठली का असेना, बापूच ना?' आता हार काढायची माझी हिंमत नाही.

---

मावळसंध्या | गुरुवार, सकाळी ९.१०

आडगल्ली, काका ती पिन चाळीत लावायचे का हो? त्या काळी एलआयसीत, बँकांत संगणकाला केवढा विरोध होता. आमच्या बाबांच्या युनियनमध्ये 'माणसं खाणारं यंत्र' म्हणायचे.

---

आडगल्ली | गुरुवार, रात्री ९.३०

मावळसंध्या, काकूला विचारलं. पिन ऑफिसात शिरताना लावायचे आणि घरी येताना गिरगावच्या नाक्यावर काढून खिशात टाकायचे. समोरच्या खोलीतले बिऱ्हाडकरू एलआयसीत, युनियनचे. संपाच्या दिवसांत ते आणि काका गॅलरीत एकमेकांशी बोलायचे नाहीत, बायका मात्र विरजण एकमेकींकडूनच आणायच्या. पुढे त्या शेजाऱ्यांच्या मुलाला काकांनीच फॉर्म भरून प्रोग्रॅमिंगच्या वर्गाला घातलं.

हा घ्या फोटो. खिडकीच्या उजेडात, कोपरा वर डावीकडे. भोकं पहिल्या पाच उभ्या रांगांत आहेत, प्रत्येकीत दोन. कार्डाच्या वरच्या कडेला एरवी अक्षरं छापलेली असतात ना, तिथे काहीच नाही.

---

निवृत्तनाथ | गुरुवार, रात्री १०.१०

चष्मा पुसून घेतला.

कार्डाच्या आडव्या ओळी वरून खाली अशा मोजायच्या: बारा, अकरा, शून्य, मग एक ते नऊ. वरच्या दोन ओळींत आकडा छापलेला नसतो, तिथेच नवखे चुकतात. अक्षर म्हणजे दोन भोकं, एक वरच्या तिघींपैकी एका ओळीत आणि एक खालच्या आकड्यात. बारा आणि एक म्हणजे ए. अकरा आणि एक म्हणजे जे. शून्य आणि दोन म्हणजे एस. अशी ती बाराखडी.

पहिली रांग: अकरा आणि दोन. के.
दुसरी: शून्य आणि चार. यू.
तिसरी: शून्य आणि दोन. एस.
चौथी दुसरीसारखीच. यू.
पाचवी: अकरा आणि चार. एम.

वर छपाई नाही, कारण पंच करताना यंत्रावरचं छपाईचं बटण मुद्दाम बंद ठेवलं असावं. म्हणजे येताजाता कुणी बघितलं तर नुसती भोकं दिसावीत.

आडगल्ली, कुसुम कोण?

---

बिटबाईट | गुरुवार, रात्री १०.१२

ओह.

---

मावळसंध्या | गुरुवार, रात्री १०.१४

सांगा ना!

---

आडगल्ली | शुक्रवार, रात्री ११.२०

काकू.

आज ऑफिसातून थेट गिरगावात गेलो. कार्ड तिच्यापुढे धरलं आणि निवृत्तनाथांनी सांगितलं तसं बोट ठेवत एकेक रांग वाचायला लागलो. दुसऱ्या रांगेवरच तिने हातातून काढून घेतलं.

म्हणाली, "मला काय शिकवतोस? ह्यांनी दिलं तेव्हाच वाचून दाखवलं होतं. म्हणून तर त्याच्यावर कधी वाण्याची यादी लिहिली नाही."

कार्ड आता तिच्या हरिपाठात आहे. सिलिका जेलचं सांगून बघितलं, नको म्हणाली.

---

स्पष्टवक्ती | शुक्रवार, रात्री ११.४०

पेटी मोकळी करा हे शब्द मागे घेते.

---

भंगारमित्र | शनिवार, सकाळी ७.१५

आडगल्ली, यादी लिहिलेली कार्डं आधी पाठीच्या बाजूने स्कॅन करा, पेन्सिल पुसट होत जाते. आणि ते लेस कार्ड कधी काढायचंच झालं तर पहिला नंबर माझा. पुण्याहून स्वतः येऊन नेईन, कुरिअरवर भरवसा नाही.

---

निवृत्तनाथ | शनिवार, सकाळी ७.३०

दुसरा माझा. चिमटा अजून आहे.